चार पानांची बोली

शनिवारी दुपारी, टायरच्या दुकानावरच्या ब्रिज क्लबात, वहिनीला इस्पिकाचे आठ पत्ते आले. राजा, राणी, गुलाम, दश्शी आणि खाली चार बारके. असे पत्ते वर्षातून एखाद्या वेळी पडतात. तिनं पेटीतून बोलीचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं: तीन इस्पिक. म्हणजे हुकूम इस्पिकाचा असू दे आणि डाव मला खेळू दे.

समोर तिचा नवरा भिडू म्हणून बसला होता. त्यानं चष्मा वर सरकवला आणि 'तीन बिनहुकूम' ठेवलं. हुकूमच नको, आणि डाव मी खेळणार.

त्याच्या वहीत बाविसाव्या पानावर लिहिलं होतं की यानंतर भिडूनं गप्प बसायचं. वहिनी गप्प बसली. ब्रिजमध्ये बोली जिंकणारा डाव खेळतो, आणि त्याचा भिडू आपले पत्ते टेबलावर उघडे टाकून नुसता बघत बसतो. त्याला डमी म्हणतात. तिनं पत्ते पसरले. नवऱ्याकडे इस्पिकाचा एकच पत्ता होता. तो त्यानं टाकला, विरुद्ध जोडीनं एक्का दाबून ठेवला, आणि वहिनीच्या उरलेल्या सात इस्पिकांपर्यंत पोचायची वाटच बंद झाली. सातही पत्ते तिच्या डोळ्यांदेखत वाया गेले. डाव तीन हातांनी बुडाला.

"तीन इस्पिक म्हणायला सात पत्ते लागतात, आठ असले की चार म्हणायचं," नवरा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "किती वेळा सांगितलंय? तू विचार करू नकोस. वही पाठ कर. विचार करायला मी आहे ना."

शेजारच्या दोन टेबलांवर हशा झाला. त्यात कुणाचा आकस नव्हता, घरातल्या गमतीला हसावं तसं लोक हसले. वहिनीला तेच जास्त झोंबलं.

तिनं उरलेले डाव शेवटपर्यंत खेळले. मग कार्डं पेटीत नीट लावली, पर्स उचलली आणि म्हणाली, "पुढच्या शनिवारपासून तुम्ही दुसरा भिडू बघा."

"म्हणजे?"

"म्हणजे मी खेळणार नाही. तुमच्याबरोबर."

क्लबात तिला सगळे वहिनी म्हणायचे, कारण ती प्रोफेसरची बायको. प्रोफेसरनं कधी कुणाला वर्गात शिकवलेलं नव्हतं, तो पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचा. पण ब्रिजमध्ये भिडूशी बोलता येत नाही, बोलीच्या कार्डांवरूनच एकमेकांचे पत्ते ओळखायचे असतात, आणि कुठल्या बोलीचा काय अर्थ हे आधीच ठरवून ठेवावं लागतं. ते ठरवण्यात प्रोफेसरचा हात कुणी धरू शकत नव्हतं. त्याची चौसष्ट पानी वही दरवर्षी सुधारून निघायची, क्लबात तिच्या प्रती फिरायच्या, आणि नवा माणूस आला की त्याला आधी ती वही मिळायची आणि मग खुर्ची.

वहिनी चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत भिंगं घासायची. भिंग फ्रेममध्ये बसायला केसभर कमी-जास्त चालत नाही, आणि गिऱ्हाईक 'जरा धूसर दिसतंय' म्हणालं की कुठे चुकलं ते तिला यंत्राला न विचारता कळायचं. अशी बाई अठरा वर्षं वही पाठ करत होती.

रविवारी सकाळी तिनं कपाटावरून बुटांचा खोका काढला. त्यात वर्षभराचे डावांचे कागद होते. जेवणाच्या टेबलावर ते पसरून ती एकेक रेघ मारत बसली. नवरा चहा घेऊन आला तेव्हा तिची बेरीज झाली होती.

"आपल्या बाजूला चारशे ऐंशी डाव आले," ती म्हणाली. "त्यातले मी किती खेळले असतील?"

"असतील दोनशेच्या आसपास."

"एकसष्ट."

त्यानं कागद हातात घेतला, रेघा मोजल्या आणि परत ठेवला. "यात लबाडी काही नाही," तो शांतपणे म्हणाला. "पद्धतच तशी बांधलीय. डाव बलवान भिडूकडे यावा. जिंकायचं तर तसंच करावं लागतं."

"आणि मी बलवान कधी व्हायचं? पत्ते पसरून पसरून?"

नवरा चहा पिऊन उठला. पुढच्याच शनिवारी त्यानं बँकेतला एक तरुण अधिकारी भिडू म्हणून घेतला. त्या तरुणानं आठवड्यात वही तोंडपाठ केली.

वहिनीकडे भिडू नव्हता. क्लबात तिनं तिघांना विचारलं. तिघांनीही आधी प्रोफेसरकडे पाहिलं आणि मग आपापल्या अडचणी सांगितल्या. शेवटी भिडू मिळाला तो घरातलाच.

नवऱ्याच्या धाकट्या बहिणीला घरात सगळे बेबी म्हणायचे. बेबी एकोणपन्नास वर्षांची होती. ती रुग्णवाहिकेच्या फोनवर बसायची. कुणी रडत, ओरडत फोन केला की तिला चार प्रश्नांत सगळं काढून घ्यावं लागायचं: कुठे, किती जण, श्वास चालू आहे का, शुद्धीत आहे का. तिचा आवाज ऐकून घाबरलेला माणूससुद्धा पत्ता नीट सांगायचा. ब्रिजचं तिला ओ की ठो येत नव्हतं.

"मला शिकव," ती म्हणाली. "दादा मला लहानपणी पत्त्यांना हात लावू द्यायचा नाही. म्हणायचा, तू पत्ते मळवतेस."

"पहिले सहा महिने आपण हरणार."

"हरू की. माझ्या कामात हरलं की माणूस जातो गं. इथे काय जाणार?"

बुधवारी दुपारी बेबीची सुट्टी असायची आणि चष्म्याचं दुकान अर्धा दिवस बंद. दोघी घासायच्या यंत्राशेजारी स्टुलं ओढून बसायच्या. वहिनीनं पहिल्याच दिवशी ठरवलं की आपल्याला जसं शिकवलं तसं हिला शिकवायचं नाही. पाठ काहीच करायचं नाही. एक डाव वाटायचा आणि तोच डाव चार वेळा खेळायचा, प्रत्येक खुर्चीवर बसून. डाव ज्याच्या हातात, निर्णय त्याचा. चुकलं तरी पाच मिनिटं कुणी तोंड उघडायचं नाही. पाच मिनिटांनी ज्याची चूक त्यानंच ती सांगायची.

बेबीला ती पाच मिनिटं फार जड जायची. "मी चौकट आधी का काढली, विचार ना!"

"नाही विचारणार. अजून दोन मिनिटं आहेत."

आणि मोजायला शिकवलं. प्रत्येक रंगाचे तेरा पत्ते. माझे किती, टेबलावर किती, पडले किती, उरलेले कुणाकडे. सुरुवातीला बेबी बोटांवर मोजायची. मग ओठांत पुटपुटायला लागली. चौथ्या महिन्यात एका बुधवारी तिनं शेवटचे तीन पत्ते उरलेले असताना वहिनीच्या हातात काय काय आहे ते सांगितलं. बरोबर निघालं तेव्हा दोघी इतक्या ओरडल्या, की शेजारच्या दुकानाचा मालक काय झालं म्हणून डोकावून गेला.

बोलीची पद्धत त्यांनी मिळून बांधली, आणि ती बेबीच्या धंद्यातून आली. "एका प्रश्नात एकच गोष्ट विचारायची," बेबी म्हणाली. "दोन विचारल्या की माणूस गोंधळतो. आणि उत्तर सरळ हवं. तुझ्या नवऱ्याच्या वहीत भिडूला उत्तर देताना किलवर म्हटलं की बदाम समजायचे, बदाम म्हटलं की इस्पिक. माझा भाऊ लहानपणीही असाच बोलायचा, भूक लागली की म्हणायचा, आज स्वयंपाकघरात दिवा का नाही लावला."

सगळं मिळून चार पानं झाली.

पहिले सहा महिने त्या खरंच हरल्या. शेवटून पहिल्या, शेवटून दुसऱ्या, पुन्हा शेवटून पहिल्या. नणंद-भावजय समोरासमोर बसून भांडत नाहीत याचंच लोकांना नवल. कुणी म्हणालं, "प्रोफेसर, घरी जेवण मिळतंय ना?" नवरा नुसता हसायचा. घरी त्या दोघांचं बोलणं व्यवस्थित चालू होतं, दूध आणलं का, वीजबिल भरलं का. पत्त्यांचा विषय मात्र मधोमध ठेवलेल्या पेटीसारखा दोघं वळसा घालून ओलांडायचे.

सातव्या महिन्यात त्या पाचव्या आल्या. आठव्यात तिसऱ्या. तेव्हा वहिनी क्लबाच्या प्रशिक्षकाकडे गेली. जिल्ह्याच्या संघासाठी तो निवडक जोड्यांचा सराव घ्यायचा.

"आम्हालाही सरावाला घ्या."

प्रशिक्षक माणूस सभ्य होता. त्यानं आधी खुर्ची दिली. "वहिनी, हा गट चाळिशीच्या आतल्यांचा आहे. पुढची दहा-पंधरा वर्षं खेळतील अशांवर मेहनत घ्यायची. आणि गटात सगळे प्रोफेसरचीच पद्धत खेळतात. तुम्ही ती सोडलीत."

"पन्नाशीनंतर तेरापर्यंत मोजता येत नाही, असं कुठे लिहिलंय?"

"तसं नाही..."

"निवड चाचणी कुणासाठी आहे?"

"क्लबाच्या सगळ्या सभासदांसाठी," त्याला सांगावं लागलं.

"मग आमची नावं लिहा."

चाचणीला सोळा जोड्या होत्या. दोन रविवार खेळायचं आणि पहिल्या तीन जोड्या संघात. बाहेरून एक पंच आला होता, टक्कल पडलेला, कमी बोलणारा. सुरुवातीलाच प्रोफेसरनं तक्रार केली की या जोडीची पद्धत क्लबानं तपासलेली नाही. पंचानं ती चार पानं मागवून घेतली आणि उभ्या उभ्याच वाचली.

"समजलं," तो म्हणाला. "याला मला तीन मिनिटं लागली. तुमची वही वाचायला दोन संध्याकाळी लागल्या. बसा."

पहिल्या रविवारी दोघी सहाव्या होत्या. दुसऱ्या रविवारी त्या चढत गेल्या, आणि शेवटून दुसऱ्या फेरीत प्रोफेसर आणि बँकवाल्याच्या टेबलावर आल्या. नवरा वहिनीच्या डाव्या हाताला बसला, बँकवाला उजव्या हाताला. समोर बेबी. कुणीच कुणाकडे पाहिलं नाही.

प्रोफेसरनं बोली उघडली: दोन बदाम. त्याच्या वहीप्रमाणे याचा अर्थ बदामाचे सहा पत्ते आणि बाकी फारसं काही नाही. बेबीनं लगेच डबल म्हटलं. चार पानांत याचा अर्थ सरळ होता: माझ्याकडे ताकद आहे, रंग तू सांग. वहिनीच्या हातात इस्पिकाचे एक्का, राजा, राणी होते, किलवरचे एक्का, राणी होते. तिनं बोलीच्या कार्डानंच बेबीला विचारलं, एक्के किती? बेबीचं उत्तर आलं, दोन. वहिनीनं सहा इस्पिकचं कार्ड काढून ठेवलं. तेरापैकी बारा हात करायचे. एकच हात गमवायची मुभा.

नवऱ्यानं पहिल्यांदा मान वर केली. वहिनीनं बोलीत एवढं वर चढलेलं त्यानं अठरा वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि तेही स्वतः खेळायला.

त्यानं बदामाच्या राजाची उतारी केली. बेबीनं पत्ते पसरले. वहिनीला दिसलं की बदामाचा एक हात जाणारच. बाकी सगळं अडलं होतं चौकटच्या राणीवर. चौकटचा एक्का टेबलावर, राजा आणि गुलाम तिच्या हातात, राणी विरुद्ध जोडीतल्या दोघांपैकी कुणाकडे तरी. ती चुकीच्या माणसाकडे शोधली की डाव बुडाला.

वहीतलं सत्तेचाळिसावं पान तिला अजून पाठ होतं: ज्यानं बोली केली, हरवलेलं चित्र त्याच्याकडे शोधावं. म्हणजे नवऱ्याकडे. सोळातल्या निम्म्या जोड्यांनी डोळे मिटून तेच केलं असतं. नवराही आपल्या पत्त्यांकडे अशा काही काळजीनं बघत होता, की राणी तिथेच बसलीय असं वाटावं.

तिनं घाई केली नाही. एक्क्यानं पहिला हात घेतला. हुकूम काढले: नवऱ्याकडे एकच निघाला, बँकवाल्याकडे तीन. किलवर तीनदा खेळली. तिसऱ्या वेळी बँकवाल्याकडे किलवर संपली, म्हणजे नवऱ्याकडे पाच होत्या. मग जाणारा बदामाचा हात तिनं आपणहून नवऱ्याला देऊन टाकला. त्यानं परत बदाम खेळला, बँकवाल्याकडे तोही संपलेला, वहिनीनं हुकमानं मारला. नवऱ्याचे बदाम सहा.

सहा बदाम, पाच किलवर, एक इस्पिक. बारा. तेराव्या पत्त्याला एकच जागा उरली होती. नवऱ्याकडे चौकटचा एकच पत्ता असणार, बाकीचे सहा बँकवाल्याकडे. आता अंदाज बांधायचं कारणच नव्हतं. तिनं टेबलावरच्या एक्क्याकडे चौकट खेळली. नवऱ्याचा एकुलता एक पत्ता पडला, तिर्री. मग टेबलावरून दश्शी. बँकवाल्यानं नाइलाजानं राणी घातली. वहिनीनं वर राजा टाकला आणि उरलेले पत्ते उघडे करून ठेवले.

"बारा," ती म्हणाली.

बेबीनं टेबलाखालून पायानं तिचा पाय दाबला, अगदी लहान मुलीसारखा. नवऱ्यानं हात वर करून पंचाला बोलावलं.

"डबल म्हणायच्या आधी ह्या थांबल्या होत्या. बराच वेळ. त्यावरून भिडूला इशारा मिळतो."

बेबीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "दादा, मी फोनवर बसते. चार सेकंदांत फोन उचलला नाही तर मला जाब द्यावा लागतो. डबल म्हणायला मी बराच वेळ घेईन?"

"मला विचारू दे," पंच म्हणाला आणि बँकवाल्याकडे वळला. "थांबल्या होत्या?"

बँकवाल्यानं प्रोफेसरकडे पाहिलं. "नाही," तो म्हणाला. "लगेच म्हणाल्या."

"निकाल कायम," पंच म्हणाला आणि पुढच्या टेबलाकडे गेला.

संध्याकाळी यादी लागली. पहिल्या आलेल्या जोडीत क्लबाचे दोन जुने खेळाडू. दुसरे प्रोफेसर आणि बँकवाला. तिसऱ्या, अर्ध्या टक्क्याच्या फरकानं, वहिनी आणि बेबी.

प्रशिक्षकानं सहाही जणांना कोपऱ्यातल्या टेबलाशी बसवलं. अभिनंदन वगैरे झाल्यावर त्यानं पिशवीतून वहीच्या दोन प्रती काढल्या आणि नणंद-भावजयीपुढे सरकवल्या.

"जिल्ह्याला दोन महिने आहेत. संघ एक तर पद्धत एक. वहिनी, तुम्हाला तर ही येतेच. बेबीताईंची तयारी तुम्ही करून घ्या."

वहिनीनं प्रत उचललीसुद्धा नाही. "हा नियम कुठे आहे?"

"नियम असा नाही. शिस्त आहे. सगळ्यांना एकमेकांचं कळलं पाहिजे."

"आमचं कळायला तीन मिनिटं लागतात. तुम्ही आत्ता वाचा, आम्ही थांबतो."

"वहिनी, मी चौथ्या जोडीला घेऊ शकतो," प्रशिक्षकाचा आवाज थोडा चढला.

"घ्या की. तेवढं फळ्यावर कारण लिहा. लिहा, की या दोघी तिसऱ्या आल्या पण त्यांनी चौसष्ट पानं पाठ केली नाहीत म्हणून त्यांना काढलं. आणि खाली सही करा. सही झाली की आम्ही निघालो." तिनं पर्समधून पेन काढून त्याच्यापुढे ठेवलं.

प्रशिक्षकानं पेनाकडे पाहिलं, मग प्रोफेसरकडे. सगळेच प्रोफेसरकडे बघायला लागले. तो वहीच्या कडेवर अंगठा फिरवत बसला होता.

"खेळू दे त्यांना त्यांचं," शेवटी तो म्हणाला. "मी आज त्यांच्यासमोर बसलोय. माझ्या बाराही पत्त्यांचा हिशेब तिनं लावला आणि तेरावा माझ्या हातातून काढून घेतला. वहीप्रमाणे खेळली असती तर बुडाली असती."

त्याचा चेहरा ओढलेला होता. हे म्हणणं त्याला किती जड गेलं ते वहिनीला ठाऊक होतं. तिनं त्याचे आभार मानले नाहीत. पेन परत पर्समध्ये टाकलं.

जिल्ह्याच्या स्पर्धेत संघ दहांत सहावा आला. चार पानं घेऊन दोघी सगळे सामने खेळल्या, काही जिंकल्या, एक सामना तर बेबीनं हुकूमच मोजायला विसरून घालवला आणि पाच मिनिटं भिंतीकडे तोंड करून बसली. फार मोठं काही घडलं नाही. मात्र परतल्यावर क्लबात नव्यानं आलेल्या दोघींनी, एक कुलपं दुरुस्त करणारी आणि एक ग्रंथपाल, वही घेतली नाही. त्यांनी विचारलं, बुधवारचं कुठे असतं?

त्या बुधवारी वहिनी निघायच्या तयारीत असताना नवरा दारापर्यंत आला. त्याच्या हातात घडी घातलेले चार कागद होते.

"मी हे वाचलं," तो म्हणाला.

"मग?"

"चांगलं आहे. पुढच्या हंगामात आपण दोघं... म्हणजे याच पद्धतीनं. मला चालेल."

"मला नाही चालणार. माझा भिडू आहे."

त्यानं मान हलवली. मग त्याच्यानं राहवेना. "तिसऱ्या पानावर एक चूक आहे पण. किलवरला उत्तर देताना..."

"माहितीय," वहिनी पायात चप्पल सरकवत म्हणाली. "बेबीला परवाच सापडली. आज तीच सुधारायचीय. आमची आम्ही."

कागद त्याच्याच हातात ठेवून ती जिना उतरली. खाली बेबी पत्त्यांचे तीन जोड काखोटीला मारून उभी होती, आणि एवढा वेळ काय करत होतीस म्हणून आधीच ओरडायला लागली होती.